शंभर किलोचा प्रवासी

"कप कागदाचा होता का काचेचा?"

हा प्रश्न आमचे सर कुणालाही, कुठेही विचारायचे. विमानातून आलेला माणूस त्यांच्या तावडीत सापडला की संपलंच. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात, गंगापूर रोडच्या एका मंगल कार्यालयात, त्यांनी नवरीच्या सिंगापूरहून आलेल्या मामाला ऐन मंगलाष्टकांत गाठलं होतं. मामा बिचारा मुठीत अक्षता घेऊन उभा, आणि आमचे सर त्याच्या कानाशी लागलेले. "रुमाल कापडाचा दिला का कागदाचा? पाय लांब करता आले का गुडघे पुढच्या सीटला लागत होते? मधे कुठे विमान बदललंत की थेट?" मामाला वाटलं, इन्कम टॅक्सवाले आहेत. तो जेवायलाही थांबला नाही. सरांना लग्नाला घेऊन गेले होते मी, त्यामुळे नवरीच्या आईने पुढे कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं.

हा वेडेपणा नव्हता, निदान सगळा नव्हता. विमान एकच असतं, त्याने जाळलेलं इंधनही एकच असतं, पण त्यातला किती धूर कुणाच्या नावावर मांडायचा हे त्या माणसाने विमानात किती जागा अडवली त्यावर ठरतं. पुढची ऐसपैस सीट मागच्या दोन-तीन माणसांची जागा खाते, म्हणून तिच्यावर बसणाऱ्याच्या नावावर धूरही तितका जास्त. लोक तिकिटं टाकून देतात आणि विचारलं तर "साधंच होतं हो" म्हणतात. पण कपाबद्दल कुणी खोटं बोलत नाही, असं सरांचं म्हणणं होतं. काचेचा कप पुढच्या सीटवाल्यांनाच मिळतो, तो म्हणालात की तुम्ही सापडलात.

कॉलेज रोडला एका दातांच्या दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस होतं. खालून ड्रिलचा आवाज यायचा आणि वर आम्ही लोकांच्या विमानप्रवासाचा कार्बन मोजायचो. ऑफिस म्हणजे सर आणि मी. सातपूर-अंबडच्या ज्या कंपन्या परदेशात माल विकतात, त्यांना तिकडचे गिऱ्हाईक आता विचारतात की तुमची माणसं वर्षभर विमानाने किती हिंडली आणि त्याचा कार्बन किती झाला. ते गणित आम्ही करून द्यायचो. मग बाहेरचा ऑडिटर येऊन ते तपासायचा आणि खाली सही करायचा. सर 'उत्सर्जन' हा शब्द मीटिंगपुरता वापरायचे. एरवी त्यांच्या तोंडी 'धूर'च असायचा.

एकेक करत आमची बरीच गिऱ्हाइकं सरांच्या जिभेपायी गेली होती. मी सांगते आहे त्या वर्षी एकच मोठं उरलं होतं. अंबडची एक कंपनी, पॅकिंगची मशिनं बनवणारी. त्यांची माणसं सारखी युरोपात मशिनं बसवायला जायची, त्यामुळे काम भरपूर होतं आणि त्यावरच आमचं भाडं, वीज आणि माझा पगार चालला होता. वडिलांचं काम सुटलं होतं, भाऊ शिकत होता, पंचवटीतलं आमचं घर माझ्या पगारावर उभं होतं. कंपनीचे देवरे साहेब म्हणून मॅनेजर होते, त्यांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, यंदा ऑडिटरचा एक जरी शेरा आला ना, तर पुढच्या वर्षी पुण्याची एजन्सी तयार आहे. तुमच्या सरांना सांभाळा."

सरांना सांभाळा! जसं काही ते माझ्या हातात होतं.

ते पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाले होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन्सिल, पायात चपला, आणि पुढे-मागे कुणी नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला काम म्हणून काही सांगितलंच नाही. ऑफिसातल्या खुर्च्या एका ओळीत चिकटून लावायला लावल्या आणि म्हणाले, "मधल्या खुर्चीवर बस. आता आडवी हो. पाय पसर." नवीन मुलगी, नवीन नोकरी, आणि बॉस सांगतोय आडवी हो! मी पर्स घेऊन दाराकडे निघाले होते. त्यांना ते कळलंच नाही. ते स्वतःच तीन खुर्च्यांवर आडवे झाले आणि छताकडे बघत म्हणाले, "आता मला सांग, मी किती जणांना उभं ठेवलं?" मी म्हटलं, दोघांना. "मग त्या दोघांचा धूर कुणाचा?" मी म्हटलं, तुमचा. "उद्यापासून ये," ते म्हणाले, तसेच आडवे पडून.

टेबलावर एक पृथ्वीचा गोल होता, मेन रोडवरच्या शाळेच्या वस्तूंच्या दुकानातून आणलेला. कुठूनही कुठेही कुणी गेलं की सर गोलावर दोरा ताणायचे. संगणक ते अंतर क्षणात देतो, मी देऊनही झालेलं असायचं, तरी दोरा हवाच. मुंबईहून जर्मनीला जाणारा दोरा कुठून-कुठून जातो ते बघत बसायचे आणि मग स्वतःशीच म्हणायचे, "एवढ्या वरून जातात हे लोक." त्यात कौतुक होतं का भीती, ते मला कधी कळलं नाही. कारण हा माणूस जन्मात कधी विमानात बसला नव्हता. ओझरच्या विमानतळाबाहेर जाऊन उतरणारी माणसं बघून यायचा, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "मी बसलो की मला माझी सीट आवडेल. मग गणित कोण करणार?"

माझ्या स्कूटीवर मात्र ते आनंदाने मागे बसायचे. बसल्याबसल्या दर वेळी एकच वाक्य, "अर्धा धूर तुझा, अर्धा माझा." मला त्या वाक्याचा भयंकर राग यायचा.

त्यांची दोन तत्त्वं होती आणि ती त्यांनी माझ्या डोक्यात घण घालावेत तशी घातली होती. पहिलं, वरचं वर आणि खालचं खाली. प्रवासी विमानात वर माणसं असतात आणि त्यांच्या पायाखाली पोटात माल असतो. निफाडच्या द्राक्षाच्या पेट्या असतात, मशिनचे सुटे भाग असतात, टपाल असतं. इंधन दोघांसाठी जळतं. माणसांचा धूर माणसांच्या रकान्यात, मालाचा मालाच्या. "हे दोन मिसळले की गणित संपलं, मग दुकान बंद करून घरी जायचं," असं ते म्हणायचे. आणि दुसरं, ही वाटणी वजनावर होते, पण प्रवाशाला कुणी काट्यावर उभं करत नाही. बॅगेसकट प्रत्येक माणूस शंभर किलोचा धरायचा. मालाचं मात्र खरं वजन घ्यायचं, जे कागदावर असेल ते.

या शंभर किलोवर एकच माणूस सरांशी भांडायचा, तो म्हणजे संपत. अंबडच्या त्या कंपनीत तो फिटर होता. मशिनं बसवायला परदेशी जायचा तो हाच. चांदवडकडच्या एका खेड्यातला, काटकुळा, नीट दाढी केलेला, आणि खिशात कायम सुपारी. बाकीचे साहेब लोक बोर्डिंग पास व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे व्हायचे. संपत मात्र परत आला की स्वतः आमच्या जिन्यावर यायचा, कारण सरांचे प्रश्न त्याला मनापासून आवडायचे. त्या दोघांचं जे चालायचं ते बघण्यासारखं असायचं.

"कप?"

"कागदाचा, सर."

"गुडघे?"

"लागले की हो सर, पार वरमाई रुसल्यागत बसून गेलो."

"मधे?"

"दुबईला उतरवलं. लय चालवलं राव तिथं, एवढं तर मी घरून शेतात जाताना नाय चालत."

मग सर गोलावर दोरा ताणायचे आणि संपत पुढे वाकून बघायचा. कितव्यांदा तरी बघत असेल, पण दर वेळी नव्याने बघायचा. आणि मग शंभर किलोचं भांडण. "सर, मी एवढा शंभर किलोचा नाय हो. पन्नास-पंचावन्न भरलो तर भरलो. बाकीचा धूर माझ्या नावावर कशापायी?" सर गंभीरपणे सांगायचे, "गणितात तू शंभरच. तुझ्या कंपनीचे एमडी पण शंभर आणि तू पण शंभर. तिथे सगळे सारखे." यावर संपत मला डोळा मारल्यासारखं करून म्हणायचा, "ताई, कंपनीत हे कुणाला सांगू नका बरं. पगार पण सारखा मागतील लोक."

तो गेला की सरांचा दिवस चांगला जायचा. देवरे साहेबांचा फोन आला तरी चांगला जायचा.

देवरे साहेब वाईट नव्हते. पण त्यांच्यावरही वरून दाब होता आणि तो ते खाली सोडायचे. त्या वर्षी एमडींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून ते दोनदा पुढच्या मोठ्या सीटवर बसून गेले. देवरे साहेब म्हणाले, ही वैद्यकीय गरज होती, तेव्हा साधी सीट धरा, आकडा उगाच फुगतोय. सर म्हणाले, "गुडघ्याबद्दल मला सहानुभूती आहे. सीटबद्दल नाही." देवरे साहेबांचा चेहरा लाल झाला. मी टेबलाखालून सरांच्या चपलेवर पाय दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि पुढे बोलले, "सूट एकाला दिली की दुसऱ्याला का नाही, हे सांगता यावं लागतं. मला सांगता येणार नाही." आकडा तसाच राहिला. शेऱ्याची धमकी देवरे साहेबांनी मला जिन्यात दिली ती त्याच दिवशी.

त्यानंतर मी रोज धास्तीत असायचे. ऑडिटची तारीख जवळ येत होती. माझी सगळी शीट तयार होती. उरली होती फक्त संपतची एक खेप. तो जर्मनीला गेला होता आणि परत यायचा होता. तो आला, त्याने कप सांगितला, की माझं काम संपणार होतं.

तो आलाच नाही. तिकडेच हॉटेलात झोपेत त्याचं हृदय थांबलं. सकाळी नाश्त्याला खाली आला नाही म्हणून दार उघडलं, तेव्हा कळलं. देवरे साहेबांनी मला फोनवर सांगितलं. मी सरांना सांगितलं. त्यांनी गोलावर जर्मनीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तो तिकडे आहे अजून?" मी म्हटलं, कागदपत्रं व्हायला वेळ लागतोय. "मग कसा येणार?" ते म्हणाले. मला वाटलं त्यांना माहीत असेल. सगळं जग कसं ये-जा करतं ते ज्या माणसाला माहीत, त्याला हे माहीत नसेल असं मला वाटलं नाही.

संपतला मुंबईला उतरवून घ्यायला त्याचा भाऊ बाळू निघाला. कंपनीने ॲम्ब्युलन्स केली होती. सर कुणालाही न विचारता तिच्यात जाऊन बसले. परत आल्यावर ते तिथलं एक अक्षर बोलले नाहीत. मला जे कळलं ते बाळूकडून. तो काही दिवसांनी सरांचा स्वेटर परत द्यायला ऑफिसात आला, तेव्हा सर बँकेत गेले होते. तो खुर्चीच्या टोकावर बसला.

"ताई, म्या आपला जिथनं मानसं बाहेर येत्यात तिथं जाऊन हुबा राहिलो," तो म्हणाला. "सर पन तिथंच हुबे. मंग कुनीतरी सांगितलं, हितं नाय, पलीकडं, कार्गोला. तिथं लय मोठं गोडाऊन हाय. द्राक्षाच्या पेट्या, डाळिंबाच्या पेट्या, मशिनी, समदं एका जागी. आपल्या निफाडकडच्या पेट्या म्या वळखल्या. खिडकीवरचा मानूस म्हनला, माल सोडवायला आलात का, कागद द्या. सर म्हनले, माल नाय, मानूस हाय. त्यो म्हनला, साहेब, कागदावर मालच लिवलाय, म्या काय करू? त्याची बी काय चूक नाय ताई, त्याचं रोजचं काम हाय ते. पन सर तिथंच खाली बसले. फरशीवर. मंग मीच सही केली."

मी त्याला चहा दिला. तो अर्धाच पिऊन उठला, कारण त्याला चांदवडची गाडी गाठायची होती.

ऑडिटच्या आदल्या दिवशी मी शीट शेवटची उघडली. संपतच्या जर्मनीला जाण्याच्या ओळीखाली एक नवी ओळ होती. जर्मनी ते मुंबई. रकाना प्रवाशांचा. वजन शंभर किलो. सीट साधी. सर संगणकाला सहसा हात लावायचे नाहीत, पण ही ओळ त्यांनी स्वतः टाकली होती.

"सर, हे असं नाही चालणार," मी म्हटलं. "परतीचं तिकीट रद्द झालंय. बोर्डिंग पास नाही. ऑडिटर पहिल्यांदा हेच धरणार."

"धरू दे."

"तुम्हीच सांगितलंय, वरचं वर आणि खालचं खाली."

"हो."

"मग काढू का?"

"नको."

मी ओरडले. खरंच ओरडले, खालच्या दवाखान्यातलं ड्रिल थांबलं इतकी. एमडींच्या गुडघ्यासाठी कंपनीला दुखवलंत, आता या एका ओळीसाठी ऑफिस घालवणार का, माझ्या घराचा विचार कोण करणार, असं बरंच काही बोलले. सरांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं." मग पेन्सिल खिशाला लावून घरी गेले. ती ओळ मी रात्रीतून काढू शकत होते. शीट माझ्याच संगणकावर होती, खाली तयार करणार म्हणून माझंच नाव होतं. मी काढली नाही.

ऑडिट अंबडला, कंपनीच्याच मीटिंग रूममध्ये होतं. टेबलाच्या एका बाजूला देवरे साहेब, दुसऱ्या बाजूला सर आणि मी, आणि टोकाला पुण्याहून आलेल्या ऑडिटर मॅडम. माझ्याहून फार मोठ्या नसतील. कमी बोलायच्या आणि प्रत्येक ओळीवर पेन्सिल ठेवून पुढे जायच्या. एमडींच्या सीटवर त्यांनी पेन्सिल ठेवली, कागद बघितला, मान हलवली आणि पुढे गेल्या. बिस्किटांच्या बशीला कुणी हात लावला नव्हता. एसी इतका गार होता की माझे हात ओढणीत होते. पेन्सिल खाली-खाली सरकत होती आणि मला फक्त ती दिसत होती.

ती थांबली.

"या परतीच्या प्रवासाचा बोर्डिंग पास दिसत नाही. तिकीट तर रद्द झालेलं आहे."

"ते चुकून राहिलंय," देवरे साहेब पटकन म्हणाले. "काढतोय आपण."

"चुकून नाही," सर म्हणाले.

देवरे साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली मान घालून त्यांनीच मॅडमना हळू आवाजात सांगितलं की माणूस तिकडेच गेला, बॉडी आली. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "सॉरी," त्या म्हणाल्या, आणि तो वरवरचा सॉरी नव्हता. मग म्हणाल्या, "मग हे मालवाहतुकीत घ्या. किंवा वगळून टाका, माझी हरकत नाही. आत्ता दुरुस्त केलंत तर मी काही लिहिणार नाही."

किती सोपं करून दिलं होतं त्यांनी! एक बटण दाबायचं होतं. मी लॅपटॉपवर बोट ठेवलं आणि सरांकडे बघितलं.

"नाही," सर म्हणाले.

देवरे साहेबांचा बांध फुटला. "अहो सर, साहेबांच्या गुडघ्याला तुम्ही सूट दिली नाहीत! मला तोंडावर म्हणालात, एकाला दिली तर दुसऱ्याला का नाही ते सांगता यावं लागतं. मग आता सांगा ना. मी काय दगड आहे का? संपतला मी घेतलंय कामावर. त्याच्या घरी पहिला मी गेलोय. पण हा हिशोब आहे. सांगा, इथे सूट का?"

मी सरांना आठ-दहा माणसांसमोर बोलताना बघितलं होतं, एमडींना गप्प करताना बघितलं होतं. ते कधी अडखळत नसत. त्या दिवशी अडखळले.

"देवरे साहेब, तुमचं बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "मला नाही सांगता येत. नियमाने तो खालीच जातो. मीच शिकवलंय हिला. ओळ चूक आहे. पण मी ती दुरुस्त करणार नाही. मॅडम, तुम्ही शेरा मारा."

"सर, शेरा तिकडच्या गिऱ्हाइकाला जातो," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि वजन? कार्गोच्या कागदावर पेटीसकट खरं वजन आहे. तुम्ही शंभर धरलंय. कशावरून?"

सरांनी खिशातली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. मॅडमनी शीटच्या तळाशी बघितलं आणि माझ्याकडे वळल्या. "तयार करणार म्हणून तुमचं नाव आहे. तुमचं काय म्हणणं आहे?"

देवरे साहेबांनी डोळ्यांनी मला विनवलं. त्यात धमकी नव्हती, खरंच विनवणी होती. मला आमचं घर दिसलं, भावाची फी दिसली, वडील दिवसभर बसतात ती खिडकी दिसली. आणि त्याच वेळी तो काटकुळा माणूस गोलावर वाकलेला दिसला, शंभर किलोवरून भांडणारा. माझं बोट बटणावरच होतं. मी ते उचललं.

"आम्ही सगळे प्रवासी शंभरच धरतो, मॅडम," मी म्हटलं. "एमडी पण शंभर. हा पण शंभर."

मॅडमनी कागद पुढे ओढला आणि शेऱ्याच्या जागी एक ओळ लिहिली. लिहिताना मधेच थांबल्या, एक शब्द खोडला आणि त्याच्या जागी दुसरा लिहिला. मग सहीसाठी कागद सरांकडे सरकवला. सरांनी सही केली आणि मी केली. देवरे साहेब खिडकीशी उभे होते. आम्ही निघताना ते दारापर्यंत आले आणि मला म्हणाले, "मॅडम, मला आनंद होतोय का हो? पण वरून विचारतील, तेव्हा माझ्या हातात काही नाही." मी म्हटलं, कळतंय साहेब. ते पुण्याच्या एजन्सीला त्याच आठवड्यात फोन करणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. झालंही तसंच, आणि त्या उन्हाळ्यात आम्ही तो गोल, तो दोरा आणि खुर्च्या जिन्यावरून खाली उतरवल्या.

पण त्या दिवशी आम्ही नुसते गेटबाहेर आलो आणि मी स्कूटी काढली. शेऱ्याची प्रत सरांच्या हातात होती. ते मागे बसले. 'अर्धा धूर तुझा, अर्धा माझा' काही आलं नाही. मी हेल्मेटच्या आत दात आवळून गाडी चालवत होते. घरी काय सांगायचं, कसं सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. त्रिमूर्ती चौकाच्या सिग्नलला थांबलो, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर बोटाने टकटक केली आणि कागद माझ्या डोळ्यांसमोर धरला. मॅडमचं अक्षर सुबक होतं. खोडलेला 'मृतदेहाच्या' हा शब्द रेघेखालून अजून वाचता येत होता. आता ओळ अशी होती, "एका प्रवाशाच्या परतीच्या प्रवासाचा बोर्डिंग पास उपलब्ध झाला नाही."

"प्रवासी लिहिलंय त्यांनी," सर मागून म्हणाले. "बघितलंस?"

मी मान हलवली. माझी नोकरी गेली होती आणि मी भर चौकात हेल्मेटच्या आत रडत होते, आणि मला वाईट वाटत नव्हतं. सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षाने हॉर्न दिला, मग त्याच्या मागच्या ट्रकने दिला, तरी मला गाडी पुढे न्यायचं सुचेना.

सरांनी कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली. "चल आता," ते म्हणाले. "नुसतं थांबलं की धूर वाढतो."